घाबरतो तरी बघतोच: सापाची भीती, सापाची ओढ आणि नऊ वर्षांचा मुलगा

सोलापुरात विजापूर रोडच्या पुढे नव्या वसाहतीत राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग मागच्या दारी पडून होता, त्यातून मोठा साप निघाला. पिवळसर, पुरुषभर लांब, "विजेसारखा पळत होता" असं त्या लिहितात. शेजारच्यांनी काठ्या घालून मारला. नाग होता असं सगळ्यांचं म्हणणं. सासूबाईंनी तेव्हापासून धसका घेतलाय की जोडीतला दुसरा डूख धरून येणार. नऊ वर्षांचा मुलगा पलंगाखाली बॅटरी मारल्याशिवाय झोपत नाही, आणि शाळेतून आला की मोबाइलवर साप पकडायचे व्हिडिओ लावून बसतो. ताई विचारतात: एवढा घाबरतो तर बघतो कशाला? त्याचा मोबाइल काढून घ्यावा का? आणि सासूबाईंना काय सांगावं?

ताई, मी वनविभागाच्या परवानगीने शहरात आणि आसपासच्या गावांत बरीच वर्षं साप सोडवायला जातोय. "दादा, लांबडं निघालंय, लवकर या" असा फोन आला की तिथे गेल्यावर जे दिसतं ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं. साप एखाद्या मोरीच्या कोपऱ्यात किंवा विणायच्या मागाच्या खाली अंग चोरून बसलेला. त्याच्याभोवती माणसांचं कडं. कडं मागे सरकतं, पण मोडत नाही. एकही जण घरी गेलेला नसतो. पदर तोंडावर धरलेल्या बायका, भिंतीवर चढलेली पोरं, सगळ्यांत मागे उभं राहून "मला बघवत नाही" म्हणणारी आणि तरी टाचा उंचावणारी आजी. भीती त्यांना मागे ढकलत असते आणि ओढ पुढे खेचत असते, आणि दोघींच्या ओढाताणीत ते कडं नेमकं जिथे थांबतं, तेवढं अंतर बहुतेक वेळा पुरेसं असतं. तुमच्या मुलाचं वागणं मला या कड्यापेक्षा वेगळं वाटत नाही. तो घाबरतो म्हणूनच बघतो. ज्याच्यापासून जिवाला धोका, त्याच्यावरून नजर काढणं कोणत्याच जिवाला परवडत नाही. काळजी त्या नजरेची करू नका. काळजी अंतराची करा, कारण ते काठीनेही मोडतं आणि मोबाइलनेही.

आधी मेलेल्या सापाबद्दल बोलू, कारण सासूबाईंची झोप त्याच्यावर अडली आहे.

तुम्ही दिलेलं वर्णन धामणीचं आहे. नाग सहसा तीन ते पाच फुटांच्या आत असतो. कोंडीत सापडला तर बहुतेकदा जागेवर थांबून फणा काढतो, फुत्कारतो. पुरुषभर लांब, पिवळसर-तपकिरी आणि वाट दिसेल तिकडे सुसाट पळणारा साप म्हणजे धामण. डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, विष अजिबात नाही. कोंडली की ती मान उभट फुगवते आणि घशातून गुरगुरते, त्यामुळे घाबरलेल्या माणसाला तिथे फणा दिसतो. काठी उगारलेल्या माणसाला दिसणाऱ्या प्रत्येक सापाला फणा असतो, हे मी फार वेळा पाहिलंय. धामणीचं पोट उंदीर-घुशींवर चालतं. आपल्या भागात ज्वारीची कणसं आणि धान्याची पोती जिथे, तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे धामण. तिच्या शेपटीत काटा असतो, ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ती नागाची मादी असते, या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. सापाला ओढून चोखायला ओठ आणि गाल नसतात, आणि त्याचे आत वळलेले सुईसारखे दात गाईने सडाला क्षणभरही सहन केले नसते. नागाची मादी नागीणच असते, दिसायला नागासारखीच.

मारला ते वाईट झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हाही आहे. शेजाऱ्यांशी भांडू नका, पण पुढच्या वेळी काठी उचलण्याआधी फोन करायचा हे आत्ताच बोलून ठेवा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक दारामागे लिहून ठेवला तरी पुरे.

आता डूख. सापाचा मेंदू लहान, त्यात माणसाचा चेहरा लक्षात ठेवून महिन्याभराने घर शोधत येण्याची सोय नाही. नागाच्या डोळ्यात मारणाऱ्याचा फोटो उमटतो आणि जोडीदार तो बघून माग काढतो, हेही कुठल्या प्राण्यात घडत नाही. तरीही सासूबाई म्हणतात तसं कधीकधी होतं: एक साप मारला आणि थोड्या दिवसांनी त्याच जागी दुसरा निघाला. त्यांनी आयुष्यात असं पाहिलं असेल, म्हणून "खोटं आहे" एवढं म्हणून विषय मिटणार नाही. दुसरा साप येतो कारण पहिल्याला बोलावणारं सगळं तिथेच असतं. तोच विटांचा ढीग, त्याच घुशीच्या बिळाचा गारवा, तेच उंदीर. मिलनाच्या दिवसांत नर मादीच्या वासाचा माग काढतो, तेव्हा मेलेली मादी असेल तर नर तिथे पोचूही शकतो, पण तो तिच्यासाठी आलेला असतो. ढीग हलवला, बिळं बुजवली की हा बदला बंद होतो.

एकमेकांना पिळा घातलेली जोडी दिसली की लोक नवं कापड टाकायला धावतात आणि ते भाग्याचं म्हणून घरात जपून ठेवतात. अर्धं अंग वर उचलून पिळे घालणारी ती "जोडी" बहुतेकदा दोन नर धामणींची असते. ती कुस्ती चाललेली असते. कापड टाकायला जवळ जाऊ नका, एवढंच. बघायला मात्र जरूर थांबा, लांबून. मला आजही ते दृश्य दिसलं की हातातलं काम सुटतं.

या कथा आल्या कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मुलाशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीची कहाणी सांगतात. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात, नागीण त्याच्या घरातल्या सगळ्यांना दंश करते, मग सासरी असलेल्या लेकीकडे निघते. तिथे ती लेक पाटावर नाग काढून, दूध-लाह्या ठेवून मनोभावे पूजा करताना दिसते. नागिणीचा राग निवतो, ती अमृत देते, माहेरची माणसं उठून बसतात. मी ही कहाणी सापाविषयीची चांगली शिकवण मानतो. त्या दिवशी नांगरू नये, चिरू नये, तळू नये, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. श्रावणात काय चाललेलं असतं ते बघा: उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला नागाची पिल्लं अंड्यांतून बाहेर आलेली असतात, बिळांत पाणी शिरलेलं असतं, साप उघड्यावर आलेले असतात. अशा दिवसांत माती उकरू नका, वारुळाशी आदराने जा, लांबून हात जोडा. कहाणीत चूक माणसाची आहे, ती अजाणता झालेली आहे, आणि शेवट समेटात आहे. त्यात डूख आहे, पण तो निवतो.

सिनेमाने डूख निवूच दिला नाही. १९५४ च्या 'नागिन'ची बीन अजून आपल्या वरातींत वाजते आणि पोरं रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळतात. ती बीन मुळात बीन नव्हतीच. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. आणि ती ज्याला ऐकवायची, त्या सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर त्याला छान कळते, हवेतले काही खर्जातले आवाजही कळतात, पण पुंगीची धून त्याच्यासाठी नसते. टोपलीतला नाग पुंगीच्या हलण्याबरोबर डोलतो, कारण त्याला ती समोर हलणारी धोक्याची वस्तू वाटते. मुलाला हे नक्की सांगा. या वयाच्या पोरांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात आणि पुढचे प्रश्न सुरू होतात. पुढे रूप बदलणाऱ्या नागिणी, मणी, जन्मोजन्मीचा सूड अशा मालिका आणि चित्रपट येत राहिले, कारण त्यात माणसाची सगळी भूक भागते: सौंदर्य, विष, प्रेम, सूड. त्यात साप मात्र नसतो. माणसाचंच मन सापाचं कातडं पांघरून फिरतं. करमणूक म्हणून बघायला माझी ना नाही. मालिका बघून आलेली भीती घेऊन कुणी विटांच्या ढिगावर काठी चालवायला जातं तेव्हा त्रास होतो.

आपल्या सोलापुरात नाग नुसता भीतीचा कधीच नव्हता. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाला, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीला, नागफणी बांधली जाते तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू, सगळ्या घरांतली माणसं बघायला लोटतात. झाडाखाली, देवळांच्या आवारात कोरलेल्या नागदगडांना हळद-कुंकू वाहिलेलं असतं. ज्याला मारायला धावतो त्यालाच हात जोडतो, हा दुटप्पीपणा आहे असं शहरातले काही शिकलेले लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाने ज्याच्यावर आपला ताबा नाही त्याच्याशी नातं जोडायचा केलेला तो प्रयत्न आहे. दगडाचा नाग पुजला तर अंतर राखलं जातं. टोपलीतला पुजला तर मोडतं. दारावर आलेल्या टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले असतात, कित्येकदा तोंड शिवलेलं असतं, आणि तो दूध पितो ते दिवसेंदिवस पाण्याशिवाय तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात जाऊन अनेक नाग मरतात. सासूबाईंना सांगा, पाटावर नागाचं चित्र काढा, नाहीतर मातीचा आणा, लाह्या वाहा. टोपलीवाल्याला मात्र पैसे देऊ नका.

मुलाकडे येतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकल कुक या मानसशास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. मग त्यांना दुसरं माकड सापाला बघून घाबरताना दाखवलं. थोड्याच वेळात तीही घाबरायला लागली, आणि ती भीती टिकली. मग चित्रफितीत फेरफार करून तेच माकड फुलांना बघून घाबरतंय असं दाखवलं. फुलांची भीती कोणीही शिकलं नाही. म्हणजे सापाची भीती शिकायची तयारी आत असते, पण पहिला धडा दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून मिळतो. २०१७ साली जर्मनी-स्वीडनच्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना सापाची चित्रं दाखवली, तेव्हा माशांच्या चित्रांपेक्षा त्यांच्या बाहुल्या जास्त विस्फारल्या. म्हणजे ती सावध झाली.

हेच मी कड्यात बघतो. तीन-चार वर्षांचं पोर साप बघून पुढे सरकतं, मग मान वळवून आईकडे बघतं. आई किंचाळली की ते किंचाळतं. आईने त्याचा खांदा धरून "बघ, पण इथूनच" म्हटलं तर ते तिथेच उभं राहून बघतं. तुमच्या मुलाने त्या दिवशी साप किती पाहिला असेल? काठ्या, आरडाओरडा, रक्त, आणि घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे मात्र नीट पाहिलेत. त्यानंतर रोज जेवताना "दुसरा येणार" हे ऐकतोय. तो बॅटरी मारतो ते या घरात शहाणपणाचंच आहे. ती सवय मोडू नका. दोन मिनिटं त्याच्याबरोबर तुम्ही वाका, पलंगाखाली बघा, "मोकळं आहे" म्हणा आणि मग दिवा घालवा. "काही नसतं, झोप गप" म्हणू नका, कारण त्याने काहीतरी निघालेलं पाहिलंय आणि तुमच्या शब्दावरचा विश्वास उडेल. "आता दुसरा येणार" ही चर्चा मात्र त्याच्या कानावर पडणं आजपासून बंद. हे सासूबाईंना हात जोडून सांगा. त्या ऐकतील, नातवासाठी माणूस ऐकतं. महिना-दीड महिना गेला आणि भीती कमी न होता वाढतच गेली, झोपेत दचकून ओरडतोय, शाळेत जाईना, जेवण तुटलं, असं झालं तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका.

आणि व्हिडिओ. इथे मी कडक बोलणार आहे.

मोबाइल हिसकावून घेऊ नका, पण काय बघतो ते शेजारी बसून बघा. साप जमिनीवरून हुकने उचलून बरणीत किंवा पिशवीत घेणारा, हात लांब ठेवणारा, लोकांना मागे सारणारा माणूस असेल तर बघू द्या. नागाच्या फण्याला ओठ लावणारा, घोणस गळ्यात घालणारा, सापाला मुद्दाम डिवचून फणा काढायला लावणारा असेल तर मुलाला तिथेच सांगा की हा माणूस सापाला त्रास देतोय आणि मरायची तयारी करतोय. असे हौशी लोक खरोखर मरतात, दरवर्षी बातम्या येतात, आणि त्यात स्वतःला सर्पमित्र म्हणवणारेही असतात. परवानगीशिवाय साप पकडणं, जवळ ठेवणं, त्याचे खेळ करणं गुन्हा आहे. कड्यात उभ्या असलेल्या माणसाला पाय मागे घ्यायला सांगणारी भीती त्या पडद्यावर नसते. ओढ तेवढी उरते. नऊ वर्षांचं पोर शंभर वेळा नाग हाताळलेला बघतं तेव्हा त्याच्या हाताला ते जमेल असं वाटायला लागतं. मला भीती वाटते ती याची.

याच्या उलट एक उदाहरण त्याला सांगा. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले होते. तेही बघायला लोक लोटले, तीही ओढच होती. पण ते बसले होते शांत. साप अंगावरून गेले तरी त्यांना न डिवचता. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. घरी कोणी हे करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. पुढे कात्रजच्या सर्पोद्यानामागेही तेच होते.

आता ज्याला खरंच घाबरायला हवं ते. गंमत अशी की कथांनी आपल्याला नागाला घाबरायला शिकवलं आणि मण्यारीला विसरायला लावलं. आपल्या जिल्ह्यात माणसाला मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. नाग दिसतो, फणा काढतो, इशारा देतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुस्कारते, अंगावर साखळीसारखे ठिपके असतात, लोक तिला अजगर समजून हात लावतात. फुरसे वीतभर-हातभराचं, माळरानावर, दगडाखाली, अंग घासून करकर आवाज काढतं.

मण्यार काहीच करत नाही. काळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडी-जोडीने, शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ होत गेलेले. (बिनविषारी कवड्याचे पट्टे उलट, डोक्याकडे ठळक असतात. पण हा फरक लांबून फोटोत बघायचा, जवळ जाऊन नाही.) ती रात्री फिरते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, पत्र्याच्या खोल्यांत जीव गुदमरतो, माणसं जमिनीवर, अंगणात, ओट्यावर झोपतात. मण्यार अंथरुणात येते, झोपेत कूस बदलताना दाबली जाते, चावते. दात इतके लहान की कित्येकदा जाग येत नाही, आली तर डास चावल्यासारखं वाटतं. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो न दिसो, थेट रुग्णालय. हे एक वाक्य तुमच्या पूर्ण वसाहतीत पोचवा, विडी वळणाऱ्या आणि मागावर रात्रपाळी करणाऱ्या घरांत आधी.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहे. वर्षाला साधारण ५८,०००. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये, आणि बहुतेक रुग्णालयाबाहेर. हे आकडे वाचून मला सापाचा राग येत नाही. उशिराचा येतो. दंश झाल्यावर पहिला तास देवळात, दुसरा मांत्रिकाकडे, आणि तिसऱ्या तासाला रिक्षा. मांत्रिकाला यश मिळतं ते का, हे सासूबाईंना समजावून सांगा: बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. अशी माणसं मंत्र टाकला नाही तरी वाचणारच होती. ज्यांच्या अंगात विष गेलंय, ती मंत्राने वाचत नाहीत. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्य घातलं.

चावल्यावर काय करायचं ते थोडक्यात. माणसाला झोपवा, हलू देऊ नका, चावलेला हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. साप शोधत बसू नका. १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी. आपल्याकडे सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, प्रतिसर्पविष मिळतं. तिथे डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस-फुरशासारखं विष अंगात आहे हे कळतं. औषध चारही सापांवर चालणारं असतं, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नसते. घोड्यांच्या रक्तातून ते तयार होतं, आणि त्यासाठी लागणारं विष बऱ्याच प्रमाणात तामिळनाडूच्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेतून येतं. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे हे लोक विष काढून साप परत सोडतात. सापाच्या ओढीला यापेक्षा चांगलं काम मी पाहिलेलं नाही. मुलाला हीपण गोष्ट सांगा.

घरात करायच्या गोष्टींत पलंग आणि मच्छरदाणी सगळ्यांत आधी. जमिनीवरच झोपायचं असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचायची. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि चप्पल. सकाळी बूट झटकून घालायचे. लाकडं, विटा, शेणकुटं भिंतीला टेकवून रचायची नाहीत. मोरीच्या पाइपाला जाळी. फिनेल, लसूण, गंधक, बाजारातल्या "सर्पनिवारक" पुड्या यांवर पैसे घालू नका. साप त्यावरून निवांत जाताना मी पाहिले आहेत. सासूबाईंच्या मनात सर्पशांतीचा विधी असेल आणि घराला झेपत असेल तर तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, मी आड येणार नाही. पण त्यासाठी कर्ज काढू नका, आणि मच्छरदाणी त्याच्या आधी येऊ द्या.

विटांचा ढीग दिवसाउजेडी हलवा. हाताने नाही, फावड्याने किंवा लांब काठीने वरून एकेक वीट सरकवत, पायात बूट घालून, मुलाला दारात उभं करून. मागच्या भिंतीची बिळं लगेच सिमेंटने बुजवू नका, आत काही असेल तर ते घराच्या बाजूने वाट शोधेल. संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडाशी रांगोळीचा पातळ थर पसरा. हे काम मुलाला बाबांबरोबर करू द्या. सकाळी दोघांनी बघायचं: घुशीच्या पायांचे ठसे वेगळे, उंदराच्या शेपटीची रेघ बारीक, साप गेला असेल तर गुळगुळीत नागमोडी पट्टा. वहीत तारीख घालून त्याला चित्र काढू द्या. सलग तीन-चार सकाळी रांगोळी जशीच्या तशी राहिली की ते बीळ बुजवा. नागमोडी पट्टा आत गेलेला दिसला आणि बाहेर आलेला नसेल, तर हात न लावता १९२६ ला फोन करा. साप सोडवायला माणूस येईल तेव्हा मुलाला बघू द्या, तुमचा हात त्याच्या खांद्यावर ठेवून, दहा-पंधरा फुटांवरून.